जाळ्यात आलेले, पण नको असलेले



ह्या रविवारच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वर्गराज्याला समुद्रात टाकलेल्या जाळ्याची उपमा देतो (मत्तय १३:४७-५०). जाळ्यात सर्व प्रकारचे मासे येतात. ते काठावर ओढल्यावर माणसे बसून चांगले मासे भांड्यांत भरतात आणि वाईट फेकून देतात. पावसाळी बंदी संपत आली आहे, बंदरावर जाळी दुरुस्त होत आहेत. आपल्या कोळीवाड्यांत हा दाखला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. प्रभूनेच मासे फेकणारी माणसे दाखविली, तर नको असलेली मासळी फेकण्यात वावगे काय?

दाखल्यातील जाळे म्हणजे काठावर ओढायचे मोठे जाळे, आपल्याकडील रापणीसारखे. गालील समुद्रात खवले नसलेले, शिंगाळ्यासारखे मासेही मिळतात. पर आणि खवले नसलेला मासा लेवीय ग्रंथाच्या ११ व्या अध्यायाप्रमाणे यहुद्यांना निषिद्ध होता. म्हणजे तो बाजूला काढणारा कोळी देवाचा नियम पाळत होता. शिवाय अखेरची निवड देवदूत करतील, असे प्रभूच पुढे सांगतो. हा दाखला न्यायाच्या दिवसाविषयी आहे. मासळी वाया घालविण्याचा तो परवाना नाही.

आज आपण मासा 'वाईट' ठरवितो तो कोणत्या नियमाने? बहुतेक वेळा बाजारभावाने. बोटीचा खण लहान, बर्फ मोजका, डिझेल महाग. पापलेट, सुरमई, कोलंबी ह्यांना जागा हवी, म्हणून बाकीचे पुन्हा समुद्रात जाते. पण तोवर ते बहुधा मेलेले असते. थंड देशांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकणारे हौशी लोकही नको असलेला मासा कधी कधी बर्फावरच टाकून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली दिलेल्या अंदाजानुसार जगातील सागरी मासेमारीत वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी अशी फेकली जाते. दर १० किलोंमागे १ किलोहून थोडी अधिक!

संत थॉमस अक्वायनस शिकवितात की, माणसाने आपल्या हितासाठी प्राण्यांचा उपयोग करणे पाप नाही. आपण मासा मारतो तो ह्याच आधारावर. पण ज्याचा काहीच उपयोग केला नाही, त्याला मारण्याचा आधार कोणता? प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो (२४१८). पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या २०१५ च्या परिपत्रकात, पकडलेल्यातील बरेचसे फेकून देणाऱ्या मासेमारीचा स्पष्ट उल्लेख केला आहे (४०).

परंतु दोष केवळ नाखव्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डोलीच्या जाळ्याचा आस मोठा केला, तर जवळा, करंदी निसटते आणि त्या दिवशीची कमाई बुडते. खलाशाच्या घरची चूल त्याच कमाईवर पेटते. पण आस बारीक ठेवला, तर पापलेटची आणि घोळीची पिल्लेही त्यात सापडतात आणि उद्याची कमाई आजच मरते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, तो ह्याच कारणाने. जाळे कापून कासव, डॉल्फिन असे संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही २०१८ साली आली. नियम समुद्रात पाळला जातो; पण त्याची किंमत किनाऱ्यावरच्यांनीही उचलायला हवी.

म्हणून आपण प्रत्येकाने काही ठरवूया. बोटीवर असू, तर जिवंत आलेले पिल्लू निवड होईपर्यंत न ठेवता लगेच पाण्यात सोडूया. बाजारात असू, तर बोटभर पापलेट स्वस्त मिळते म्हणून पाटीतून उचलू नये. आणि कोळीण ताई हलक्या भावाची मासळी पुढे करते, तेव्हा नाक न मुरडता तीही घरी नेऊया. ज्या माशाला गिऱ्हाईक असते, तो फेकला जात नाही.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान ६:१२). ज्याच्या हाती अन्न कधीच कमी पडणार नव्हते, त्याने तुकडेही जपले. आपल्या हाती तर समुद्र मोजकाच दिलेला आहे.

हे प्रभो, तुझ्या दानाला आम्ही कचरा म्हणू नये, अशी बुद्धी आम्हांला दे. समुद्रावर जाणाऱ्या आमच्या भावांना सुखरूप घरी आण. आमेन.

– आपले धर्मगुरू