मेलेल्याचा भाव

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींची पदकं जमवायला सुरुवात करावी, असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, १९७१ साली पूर्व आघाडीवर होते. त्यांना सांगितलं, तर खूश होण्याऐवजी उलटतपासणीच सुरू झाली.

मामा : कुणाची पदकं?

मी : १०३, ११० आणि ११७ मराठा. तुर्कांनी कुतला घातलेल्या वेढ्यात तिन्ही पलटणी होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. उपासमार झाली तरी धर्म बुडेल म्हणून कित्येक जण घोड्याच्या मांसाला शिवत नव्हते.

मामा : पलटणी मला नको सांगू. माणूस कोण, ते विचारतोय.

मी : तो पदकाच्या कडेवर असतो ना! नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, तीन तोळ्यांच्या आसपास. पण कडेवरचं नाव घासून काढलेलं असलं, की जाणकार त्याला हात लावत नाही.

मामा : म्हणजे तुला चांदी नको, माणूस हवाय.

मी : त्याची आठवण हवीय.

मामा : आठवण त्याच्या घरच्यांची. तू त्याचा कोण?

मी : घरच्यांनीच विकलं असेल तर? चोरीचं मी घेणार नाही. वारसांनी जमीन विकली, तर सातबारावर दुसऱ्याचं नाव चढतंच की.

मामा : जमीन आजाने घेतलेली असते, म्हणून नातू विकू शकतो. मेडल आजाने घेतलं नव्हतं, त्याला मिळालं होतं. नातवाकडे ते फक्त सांभाळायला येतं.

मी : आणि नातवाची चूल पेटत नसेल तर?

मामा : तर त्याने विकावं. त्याला मी काही म्हणणार नाही. मी घेणाऱ्याला विचारतोय.

इथे माझा मुद्दा लंगडा पडला, हे मला दिसत होतं. मग मी हुकमाचं पान टाकलं.

मी : मामा, बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. या भेदभावाबद्दल युद्धस्मारकांच्या आयोगाने माफी मागितली, ती २०२१ साली. दगडावर जे नाव आलं नाही, ते या चांदीवर आहे. आणि ही चांदी मोडीत जाते. १९८० च्या सुमारास भाव भडकला, तेव्हा तिकडे इंग्लंडातसुद्धा ढिगांनी पदकं वितळवली. मी नाही घेतलं, तर मुशीत जाईल.

मामा : हे पटलं. आता मला सांग, पदकाचा भाव कशावर ठरतो?

मी : पलटण कोणती, लढाई कोणती, कागदपत्रं आहेत का...

मामा : अजून?

मी : शिपाई युद्धात कामी आला असेल, तर जास्त.

मामा : म्हणजे दोन पदकं पुढ्यात ठेवली, तर तू मनात म्हणणार, यातला एक तरी मेलेला असू दे रे देवा.

मी : तसं कसं? मेलेल्याची नोंद सापडते. तारीख, कधी बापाचं नाव, कधी गावही. जगून आला त्याचा माग लागत नाही. भाव मरणाला नसतो, माहितीला असतो.

मामा : तुर्कांच्या कैदेतून हाडांचा सापळा होऊन जो घरी आला, पुढे जन्मभर नांगर धरला, त्याची माहिती नाही म्हणून तो स्वस्त?

मी : बाजार तसा आहे. मी नाही केला तो.

मामा : बाजार घेणाऱ्यांनीच होतो. तू एक वाढलास, की मेलेल्याचा भाव अजून थोडा चढला.

मी : मग काय करू? सोडून देऊ सगळं? जाऊ दे मुशीत?

मामा : मुशीत कोणती जातात?

उत्तर मला ठाऊक होतं. म्हणूनच ते द्यायला वेळ लागला.

मी : ज्यांना चांदीपेक्षा जास्त भाव नाही ती.

मामा : म्हणजे जगलेल्यांची. मेलेल्याचं पदक कोण मोडीत काढेल? त्याला तुमच्या बाजारानेच सांभाळलंय. वाचवायचीच असतील, तर जगलेल्यांची घे.

मी : जगला हे कळणार कसं? पदक ते सांगत नाही.

मामा : मेलेल्यांच्या याद्या आहेत म्हणालास ना? त्यात नसला की घे.

मी : एका नावाचे दहा असतात.

मामा : कडेवर नंबर आहे.

मी : बरं, समजा घेतलं. पण तुमचा पहिला आक्षेप तिथेच राहिला. जगलेल्याचं पदक तरी माझं कसं होतं?

मामा : होत नाहीच. तुझ्याकडे राहतं, एवढंच.

मी : पैसे मोजले, कपाटात ठेवलं, आणि म्हणायचं माझं नाही? ही पळवाट झाली, मामा.

मामा : असेल. याहून चांगली मला सापडलेली नाही. मलाही ‘पूर्वी स्टार’ पदक मिळालंय, आणि माझा नातू ते विकणारच नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

मी : विकलं तर?

मामा : तर तूच घे. मी जगलोय, स्वस्तात मिळेल.