पाच भाकरींचा हिशेब



प्रभू येशूने पाच हजार लोकांना जेऊ घातले, ही घटना आपण संत योहानाच्या शुभवर्तमानात (६:१-१५) अनेकदा ऐकली आहे. चमत्कार म्हटला की आपले लक्ष वाढत गेलेल्या भाकरींकडे जाते. आज त्या घटनेकडे घर चालवणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहू या. कारण तिथला प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातलाच होता. खाणारी तोंडे पुष्कळ आणि हाती थोडे. अशा वेळी काय करायचे?

येशूने फिलिपला विचारले, एवढ्या लोकांसाठी भाकरी कुठून आणायच्या? फिलिपने लगेच आकडा सांगितला. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत! त्या काळी एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे दोनशे दिवसांची मजुरी खर्च करूनही लोक उपाशीच. फिलिपचे गणित बरोबर होते. पण त्याने जे नाही त्याचाच हिशेब मांडला. अंद्रियाने मात्र जे आहे ते शोधले. एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे होते. जव हे तिकडचे गरिबांचे धान्य, आपल्याकडे जशी ज्वारी. अंद्रियालाही ते अपुरेच वाटले, तरी त्याने ते प्रभूपुढे ठेवले आणि प्रभूने तेच हाती घेतले.

बंधू-भगिनींनो, घराचा हिशेब इथून सुरू होतो. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत पैसा दरमहा येत नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास, कापसाचा त्यानंतर, तुरीचा आणखी पुढे. मजुरी असेल तर हंगामापुरती. खर्च मात्र रोजचा असतो. पैसा आला त्या आठवड्यात हात सैल सुटतो आणि उन्हाळ्यात दुकानदाराच्या वहीत आपले नाव चढते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता. कर्ज घर कसे पोखरते हे आपल्याला कोणी सांगायला नको. नापिकी आणि पडलेले भाव आपल्या हातात नाहीत, आणि काटकसरीने सगळे प्रश्न सुटतात असेही मी म्हणणार नाही. पण जे हातात आहे ते तरी देवासमोर ठेवून नीट वापरू या.

उत्पत्तीच्या पुस्तकात (अध्याय ४१) योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढायला लावला आणि दुष्काळात त्यावर देश जगला. आपणही पैसा आला की आधी वर्षाची ज्वारी आणि तूरडाळ भरावी, शाळेची फी व दवाखान्यासाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि मग बाकीच्या खरेदीकडे वळावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण जुनी असली तरी खोटी झालेली नाही. रोजचा खर्च लिहायला एक साधी वही पुरे. ती पती-पत्नी दोघांनी मिळून लिहावी, म्हणजे एकाच्या खर्चाची दुसऱ्याला कल्पना राहते आणि भांडणही टळते.

आता पुढे पाहा. भाकरी हातात घेण्याआधी प्रभूने लोकांना खाली बसवले. संत मार्क सांगतात की, ते शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नास अशा पंगतींनी बसले (६:३९-४०). आधी शिस्त, मग जेवण! नीटनेटकेपणाला पैसा लागत नाही, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा लागते. डबा सापडला नाही म्हणून आपण दुसऱ्यांदा जिरे आणतो. कोपऱ्यात पडलेल्या पिशवीतल्या डाळीला पोरकिडे लागतात. कागद सापडत नाहीत म्हणून तालुक्याला दोनदा फेरी होते. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, सातबारा, बाप्तिस्म्याचा दाखला हे सगळे एकाच पेटीत ठेवा आणि ती पेटी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. धान्य कडक उन्हात वाळवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत आजही उपयोगी आहे. अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण ते साठवतो. ते झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा आणि आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. एका दवाखान्याच्या बिलात किती महिन्यांचा किराणा जातो, याचा विचार करा.

येशूने हरवलेल्या नाण्याचा दाखला दिला (लूक १५:८-१०). त्यातली बाई दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधत राहते. सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. पिठात मिसळलेले खमीर, जुन्या कापडाला लावलेले ठिगळ, मीठ, दिवठणीवरचा दिवा हे सारे प्रभूच्या शिकवणुकीत आहे. नाझरेथच्या साध्या घरात पवित्र मरियेला काम करताना त्याने रोज पाहिले असेल. झाडू आणि परात यांना त्याने कमी लेखले नाही, मग आपण का लेखावे?

मग प्रभूने भाकरी घेतल्या आणि पित्याचे आभार मानले. त्याने थोड्यासाठीच आभार मानले, पुष्कळ होण्याची वाट पाहिली नाही. आपल्या घरी वरण, भाकरी, एक पालेभाजी आणि ठेचा असेल तर ते आभार मानण्याजोगे जेवण आहे. डाळ आणि ज्वारी एकत्र खाल्ली की शरीराला लागणारी प्रथिने चांगली मिळतात. ज्या ज्वारीला आपण गरिबाची भाकरी म्हणालो, तिच्यासारख्या भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

स्वयंपाक सोपा करण्याच्या युक्त्या आपल्या घरांत आहेतच. डाळ अर्धा तास भिजत घातली आणि भांड्यावर झाकण ठेवले की गॅस वाचतो. एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे होतात. वरणात मूठभर मेथी, अंबाडी किंवा शेवग्याचा पाला टाकला की वेगळ्या भाजीची गरज उरत नाही. उन्हाळ्यात घातलेले सांडगे पावसाळ्यात भाजी महागली की कामाला येतात. शिळ्या भाकरीचा कांदा घालून केलेला कुस्करा मुले आवडीने खातात. कालच्या वरणात पीठ मळले की धपाटे होतात. फक्त उरलेला भात उन्हाळ्यात रात्रभर उघड्यावर ठेवू नका, त्याने पोट बिघडते. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक आले. त्यांनी प्रत्येक पदार्थाला वाटी-चमच्याचे माप दिले आणि कितीतरी नवशिक्या सुनांना धीर आला. माणशी किती डाळ, किती तांदूळ हे माप एकदा ठरले की उरत नाही आणि कमीही पडत नाही.

यानंतरचे वचन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सर्व लोक पोटभर जेवले, आणि त्यानंतर प्रभूने उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला सांगितले. हा क्रम लक्षात घ्या. आधी सर्वांची तृप्ती, मग तुकडे गोळा करणे.

आपल्या घरांत हा क्रम उलटा होतो. घरभेटीला गेलो की दिसते, आधी पुरुष जेवतात, मग मुले, आणि शेवटी आई. भाजी संपलेली असते, म्हणून ती मिठाशी भाकरी खाते. सकाळचे शिळे तिच्याच वाट्याला येते. आणि आपण कौतुकाने म्हणतो, ‘फार काटकसरी बाई आहे!’ बंधूंनो, याला काटकसर म्हणता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात गुडघे टेकणाऱ्या दर दोन भगिनींपैकी एकीच्या अंगात पुरेसे रक्त नसण्याची शक्यता आहे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, लोखंडी कढई वापरावी, जेवणावर लगेच चहा घेऊ नये, याचा उपयोग होतो. पण सर्वांत मोठा उपाय एकच आहे. तिने सर्वांबरोबर ताट घेऊन बसावे आणि भाजी आधी सर्व ताटांत सारखी वाढली जावी.

दुसरी गोष्ट. तुकडे कोणी गोळा केले? प्रभूने ते काम आपल्या शिष्यांना सांगितले. वाकून तुकडे वेचले आणि बारा टोपल्या भरल्या त्या पेत्र, अंद्रिया आणि फिलिप यांच्यासारख्या पुरुषांनी. मग आपल्या घरात ताट उचलणे, ओटा पुसणे, अंगण झाडणे हे एकट्या आईचे काम का असावे? मुलगा आणि मुलगी दोघांनाही ते शिकवा. आणि आणखी एक. घरात तेलाचा हिशेब थेंबाथेंबाने होतो, पण खर्रा आणि दारूचा हिशेब वहीत कधीच चढत नाही. या आठवड्यात तोही लिहा. आकडा स्वतःच बोलेल.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील जवळपास ६० टक्के घराघरांतून गेले. २०१३ साली जागतिक पर्यावरण दिनी पोप फ्रान्सिस यांनी बजावले होते की, अन्न फेकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून ते चोरणेच होय. लग्नात आणि सणात पानात टाकलेल्या अन्नाबद्दलही हे तितकेच खरे आहे. कर्ज काढून केलेल्या पंगतीने यजमानाची शान वाढत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची झोप मात्र जाते.

मार्थाची गोष्टही विसरू नका (लूक १०:३८-४२). तिच्या कामाला प्रभूने नावे ठेवली नाहीत. तिच्या काळजीला आणि दगदगीला ठेवली. घर आरशासारखे लखलखीत असावे, पण त्यासाठी आरडाओरडा आणि अश्रू असावेत, असे देवाला नको. चार भांडी घासायची राहिली तरी चालतील, पण संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना राहू नये.

या आठवड्यासाठी तीन गोष्टी ठरवू या. एक, खर्चाची वही दोघांनी मिळून लिहायची. दोन, दिवसातून एक तरी जेवण सर्वांनी एकत्र, आधी प्रार्थना करून घ्यायचे, आणि त्या वेळी आईचे ताट आधी भरायचे. तीन, प्रत्येकाने घरातले एक काम रोजचे म्हणून उचलायचे. याशिवाय ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे असा शेजारी दिसला, तर आपल्या डब्यातली एक वाटी डाळ त्याच्याकडे पोहोचवा. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ आणि थोडेसे तेल होते. त्यातून तिने आधी एलियाला दिले, आणि तिचे मडके रिकामे झाले नाही (१ राजे १७:८-१६).

हे प्रभू येशू, आमच्या घरातले थोडे आम्ही तुझ्या हाती देतो. ते सर्वांना पुरू दे, कोणाला उपाशी ठेवून नव्हे तर सर्वांनी वाटून घेतल्याने पुरू दे. आमची घरे स्वच्छ, आमचे हिशेब खरे आणि आमची मने समाधानी ठेव. आमेन.