अभ्यासक्रम कोणी रचायचा?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्के निघाली, राज्याची ८२.३ होती. त्यानंतरही इथे तंत्रज्ञान वरूनच येत राहिले. २०१७ मध्ये दीक्षा हे डिजिटल धड्यांचे सरकारी व्यासपीठ आले, २०२० मध्ये शिक्षकांचे निष्ठा प्रशिक्षण ऑनलाइन झाले. शिक्षकाच्या वाट्याला बहुतेकदा दुसऱ्याने केलेले धडे उघडणे, दाखवणे आणि पूर्ण झाल्याची नोंद करणे एवढेच आले. माझे म्हणणे असे, की धडगाव-अक्कलकुव्यासारख्या इथल्या सातपुड्यातल्या तालुक्यांच्या शिक्षकाने ऑनलाइन अभ्यासक्रम स्वतः रचायला शिकले पाहिजे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोगही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधी आपल्या वर्गासाठीच केला होता.

सातपुड्यात रेंज मिळत नाही, तिथे हे कशाला, असा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. पण ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्यासाठी जगभर वापरली जाणारी मूडल ही मोफत प्रणाली ज्याने घडवली, तो मार्टिन डुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वस्तीत वाढला. तिथे शाळा रेडिओवरून भरे, अभ्यासाची पाकिटे विमानाने येत. मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये निघाली. आज मूडलच्या ॲपवर काय किंवा दीक्षावर काय, धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय वापरता येतात. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलेल्या शिक्षकाने आठवड्याचे धडे फोनमध्ये भरून आणावेत, एवढी सोय आज आहे.

शिकायचे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. प्रशिक्षणात कॅमेरा, प्रकाश, संकलन यांवर वेळ जातो. ते कोणीही महिन्याभरात शिकतो. खरे कठीण काम प्रश्न रचण्याचे. १/३ + १/४ किती, याला चार पर्याय देताना प्रणाली प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली अभिप्रायाची जागा देते. तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहिता येते; बहुतेक जण तेच लिहितात. पण २/७ हा पर्याय निवडणाऱ्या मुलीने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. तिला भाकरीचे तीन आणि चार तुकडे करून दाखवायचे, की १/३ पेक्षा २/७ लहान कसे झाले हे विचारायचे? वर्गात हे तिचा चेहरा पाहून सुचते. इथे ते तिच्या आधी सुचावे लागते, लिहावे लागते. हे लिहिताना शिक्षकाला स्वतःचे शिकवणे पहिल्यांदा कागदावर दिसते, आणि त्याचा उपयोग फळ्यापुढे उभे राहतानाही होतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. धडगावच्या मुलांच्या घरी पावरी, नवापूरकडे मावची, शहाद्याकडे गुजरी, नंदुरबारकडे अहिराणी. पुण्यात चित्रित झालेला धडा यांतल्या एकाही बोलीत बोलत नाही. उलट पाच मिनिटांचे पावरीतले बोलणे हलक्या ध्वनिफितीत सव्वा एमबीत मावते. तेवढ्याच वेळाच्या व्हिडिओला चाळीस-पन्नास एमबी लागतात. मजकूर पुस्तकाच्या मराठीत आणि समजावणे मुलाच्या बोलीत, अशी रचना करायला इथलाच शिक्षक हवा.

त्यासाठी वेळ कुठून आणायचा? निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या रात्री शिक्षकाने हे करावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. अभ्यासक्रम रचणे हे कामाच्या तासांत धरले गेले पाहिजे, आणि जिल्हा प्रशिक्षण संस्थेत शेजारी बसून शिकवणारे माणूस हवे.

आणखी एक कारण मला सर्वांत मोठे वाटते. या डोंगरात बाहेरून आलेले शिक्षक काही वर्षे काढतात, पावरी शिकतात, मुले कुठे अडतात ते ओळखू लागतात, आणि मग त्यांची बदली होते. कमावलेले सगळे त्यांच्याबरोबर जाते. पुढचा शिक्षक पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतो. रचलेला अभ्यासक्रम शाळेत राहतो. नव्याला तो ऐकता येतो, आणि एखादा शब्द चुकला असेल तर गावातल्या कोणाला विचारून दुरुस्तही करता येतो.