वाट्याचे माप आणि आपले दार

गावात विहिरीसाठी पट्टी बसली म्हणजे चावडीवर सर्वजण एकमुखाने म्हणतात की, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे. परंतु आपल्या नावापुढे आकडा पडला की, पुष्कळांस आपली गरिबी आठवते. निर्वासितांस आश्रय देण्याच्या कामी जगाची हीच परीक्षा चालली आहे.

2015 साली लक्षावधी निराश्रित लोक युरोपात आले, आणि त्यांचा बराच भार इटली व ग्रीस ह्यांवर पडला. तेव्हा इतर देशांनी काही लोक वाटून घ्यावे, असे ठरले. पुढे 15 देशांतील सुमारे 18,000 नागरिकांस विचारले असता, शेकडा 72 जणांनी ऐपतीप्रमाणे वाटणी पसंत केली. आपल्या देशाचा वाटा वाढेल, असे ज्यांस सांगितले, त्यांच्यात ही पसंती शेकडा 56 वर आली. पसंती घटली खरी. तथापि आपला भार कळल्यावरही निम्म्याहून अधिक लोक अनुकूल राहिले, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. उलटपक्षी, हंगेरीच्या वाट्यास अवघी 1,294 माणसे आली असता त्या सरकारने एकासही घेतले नाही.

ऐपतीप्रमाणे वाटणी ही कल्पना नवी नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात लेव्यांस 48 नगरे नेमून दिली. ज्या वंशाचे वतन मोठे त्याने अधिक द्यावी, लहान त्याने थोडी. त्यांपैकी 6 शरणपुरे होती, आणि ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला, असा उपरीदेखील तेथे आश्रय घेऊ शके.

कोणी म्हणेल, "आमचीच मुले उपाशी असता परक्यांस जागा कोठून द्यावी?" हा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचे उत्तर आम्हां सडक अर्जुनीकरांच्या शेजारीच आहे. 1959 सालापासून हजारो तिबेटी लोक भारतात आले. पुढे म्हैसूर राज्यात बायलाकुप्पे येथे त्यांची वसाहत झाली. आणि 1972 साली अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, नॉर्गेलिंग वसाहत बसली. त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. सुबत्तेची वाट पाहिली असती, तर त्यांस जागा कधी मिळाली असती?

माप असावे, कारण मापावाचून दयाळू शेजाऱ्यावरच सारे ओझे पडते. परंतु माप देण्यासाठी असते, टाळण्यासाठी नव्हे. याजक व लेवी बाजूने निघून गेले, म्हणून शोमरोनी मनुष्याने आधी त्यांचा वाटा वसूल करण्याचा आग्रह धरला नाही. त्याने जखमा बांधल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, राष्ट्रांची वाटणी आपल्या हाती नाही. परंतु कापणीच्या दिवसांत एखादे अनोळखी कुटुंब गावाच्या कडेला येऊन उतरते, तेव्हा त्यांस पाणी कोणी द्यावे, हे ठरविण्यास मंडळीची सभा भरण्याची वाट पाहू नये. मिसर देशात ज्यास आश्रय घ्यावा लागला, तो प्रभूच कदाचित आपल्या दाराशी उभा असेल.