वाचता येईल अशी प्रत

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी लिपीतला एक संस्कृत लेख कोरलेला आहे. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकी घराण्याची वंशावळ, मग राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने मशीद बांधल्याची नोंद. काळही विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशा दोन्ही गणनांत दिला आहे. इसवी सनाच्या हिशेबाने १५९० चा जानेवारी. पुढे अकराच वर्षांत असीरगड अकबराच्या हाती गेला, फारुकींचं राज्य बुडालं आणि विजेत्याचाही लेख त्याच मशिदीत आला. आधीचा लेख मात्र आजही वाचता येतो, त्यासाठी फारुकी दरबार जिवंत असावा लागत नाही. अरबी न येणारा संस्कृत वाचतो, संवत न वापरणारा शके लावतो. आपल्या ऑनलाइन माहितीच्या बॅकअपलाही हीच कसोटी लावायला हवी. प्रत आहे ना, एवढं विचारून आपण निश्चिंत होतो. ठेवणारा गेल्यावर ती वाचता येईल का, हे विचारायचं राहून जातं.

ठेवणारे जातात, आणि प्रत्येक जण निरोप घेऊन जातोच असं नाही. ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद होणार हे गूगलने २०१४ च्या जूनअखेरीस जाहीर केलं, सप्टेंबरअखेरीस ते बंद झालं आणि आपले फोटो, मजकूर उतरवून घ्यायला त्यानंतरही दोन वर्षांची मुदत होती. टिकटॉकचं तसं झालं नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि एक-दोन दिवसांत टिकटॉकही भारतात चालेनासं झालं. बंदी योग्य होती की नाही हा वेगळा वाद आहे. इथे मुद्दा एवढाच की खानदेश-निमाडातल्या गावांपासून महानगरांपर्यंत ज्यांनी आपले व्हिडिओ फक्त तिथेच ठेवले होते, त्यांच्या हाती आवराआवर करायला आठवडासुद्धा आला नाही.

यावर बहुतेकांचं उत्तर तयार असतं: आमचा बॅकअप चालू आहे. कोणता, ते पाहावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचा रोज रात्री गूगल ड्राइव्हवर चढणारा बॅकअप उघडतो फक्त व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, तोही तुमच्याच नंबरावर. त्याच अ‍ॅपमधून एखादी चॅट 'एक्स्पोर्ट' केली तर साधी मजकुराची फाइल मिळते. ती दिसायला ओबडधोबड असते आणि परत अ‍ॅपमध्ये भरता येत नाही, पण कुठल्याही यंत्रावर वाचता येते. पहिली सोय फोन बदलताना कामाची, दुसरी प्रत अ‍ॅप गेल्यावर. गूगलकडची आपली माहिती उतरवून देणाऱ्या टेकआउट या सोयीचंही नीट पाहावं. मेल एमबॉक्स फाइलीत येते, ती उघडणारे मोफत प्रोग्राम आहेत. फोटो मात्र एकटे येत नाहीत. तारीख, स्थळ, वर्णन यांतलं बरंच काही शेजारच्या जेसॉन फाइलीत असतं. या फाइली कचरा समजून टाकल्या की कुणीतरी पाठवलेले लग्नाचे फोटो डाउनलोडच्या दिवशीचे होऊन बसतात.

मराठी माणसाला हे खरं तर कुणी शिकवायला नको. युनिकोड रुळण्यापूर्वी वीसेक वर्षं मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टाइप होत होता आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. त्या काळातली फाइल आज फाँटशिवाय उघडली तर पडद्यावर टोपीवाले रोमन स्वर, पौंडाचं चिन्ह, अंशाची वर्तुळं यांची रांग दिसते. मधूनच एखादा आकडा. फाइल सुरक्षित आहे, एक बाइट हललेली नाही. पण ती मराठी राहिलेली नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, तरी जोडाक्षरांत चुका राहतात आणि फाँट कोणता होता हे आधी ठाऊक असावं लागतं. (बऱ्हाणपूर जिल्ह्यातच नेपानगरला वर्तमानपत्राच्या कागदाचा कारखाना आहे. तसल्या स्वस्त कागदावरचं त्या काळचं कात्रण पिवळं पडलं असेल, पण वाचता येतं.)

अशी वाचता येणारी प्रत घरी उतरवून ठेवावी म्हटलं, तर कंपन्यांच्या डेटा सेंटरपेक्षा घरातली हार्ड डिस्क लवकर बिघडते, असा एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. म्हणून कुणी क्लाउड सोडावा असं मी म्हणत नाही. क्लाउडवरची आणि घरातली प्रत एकाच कारणाने एकाच दिवशी जाण्याची शक्यता फार कमी, एवढंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उतरवलेल्या माहितीत इतरांचीही गुपितं असतात आणि चोराला एकाच झिपमध्ये सगळं सापडतं. तेव्हा डिस्कला पासवर्ड हवा आणि नको ते उतरवूच नये. 'एवढं सगळं पुढे वाचणार कोण?' या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज वाटत नाही. जमिनीचे कागद आपण रोज वाचण्यासाठी जपत नाही.

हे ओझं नागरिकाने का वाहावं, असंही विचारता येईल. युरोपात २०१८ पासून आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही. माहितीचा गोषवारा मागण्याची, ती दुरुस्त करायला किंवा पुसायला सांगण्याची तरतूद त्यात आहे. पुसण्याचा हक्क दिला आणि घेऊन जाण्याचा वगळला, हे मला उफराटं वाटतं. तो कायद्यात परत येईपर्यंत कंपन्यांनी आपणहून ठेवलेली दारं तेवढी आहेत. टेकआउटची लिंक आठवडाभरच चालते. आली की त्याच दिवशी फाइल उतरवून घ्या आणि इंटरनेट बंद करून एकदा उघडून पाहा.