श्वास देणारे हात



देवाने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात ऐकतो. तोच श्वास थांबू लागला की माणसाचे हात पुढे यावे लागतात.

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास कोंडलेली मुले रोज दवाखान्यात येत, यंत्रे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा दिली. मुलगी वाचली. मग वैद्यकीचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, कित्येक महिने पिशव्या दाबत बसले. चार वर्षांनी डेन्मार्कमध्येच अंबू बॅग निघाली. दाबून सोडली की ती आपोआप फुगते, वीज लागत नाही. आपल्या भागात ही लहान गोष्ट नव्हे!

साप चावलेला किंवा फवारणीचे औषध पोटात गेलेला माणूस निपचित पडतो. घरचे आशा सोडतात. पण वेळेवर श्वास दिला आणि काही दिवस चालू ठेवला, तर असा माणूस पायांनी चालत घरी जाऊ शकतो. तेथे हात आखडणे पापच.

दुसरी खाटही असते. मुखेड-देगलूरचा रुग्ण नांदेडला येतो, उदगीर-अहमदपूरचा लातूरला. व्हेंटिलेटर लागतो. दिवसांमागून दिवस जातात, शुद्ध येत नाही. डॉक्टर आशा नाही म्हणतात. दागिने मोडलेले, रान गहाण. मुलगा आम्हा धर्मगुरूंना हळूच विचारतो, “फादर, नळी काढा म्हटलं तर बापाला मारल्याचं पाप लागेल का?”

हाच प्रश्न २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवला होता. पोप महोदयांनी सांगितले की, जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे आपले कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा इतरांवर असह्य भार टाकणारे उपाय करण्याचे बंधन नाही. आशा उरली नसेल तर यंत्र काढता येते. ती हत्या ठरत नाही. तेव्हा त्या मुलाने अपराधाचे ओझे घेऊन घरी जाऊ नये. मात्र खर्च वाढला म्हणून बरा होऊ शकणाऱ्या म्हाताऱ्याला घरी न्यायला कोणी या शब्दांचा आधार घेऊ नये. हे ठरवणे एकट्या घरच्यांवर सोडलेलेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार, आणि २०२३ साली सोप्या केलेल्या पद्धतीनुसार, डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात.

पोप महोदयांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली: रुग्णाला तैलाभ्यंग संस्कार मिळाला नसेल, तर तो मिळेपर्यंत श्वास चालू ठेवण्याचा प्रयत्न व्हावा. आपल्याकडे फादरना बोलावणे म्हणजे रुग्णाला घाबरवणे असे समजतात आणि निरोप येतो तो नळी निघाल्यावर. हा संस्कार आजाऱ्यांसाठी आहे. अतिदक्षता विभागात नेताना, रुग्ण हात धरू शकतो तेव्हाच, आम्हाला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.