देवीचे नियम साऱ्या घराला

केळव्याच्या शीतलादेवीच्या देवळात सुट्टीच्या दिवशी दोन तऱ्हेची माणसे येतात. एक समुद्रावरची. सुरूच्या बागेत फिरून झाले की जाता जाता दर्शन घेणारी, रामकुंडाशी फोटो काढणारी. दुसरी केवळ देवीसाठी आलेली, आणि त्यांच्यातल्या काहींच्या कडेवर मूल असते. कोणाला ते देवीच्या पायावर घालायचे असते, कोणाला नवस फेडायचा असतो, कोणाला नव्याने बोलायचा असतो. अशा एखाद्या आईच्या पिशवीत ओटीच्या सामानाखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जाडजूड फाईल असते. तिच्यात केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, पुढच्या तारखेची चिठ्ठी. नारळ आणि फाईल एकाच पिशवीतून फिरतात, याचे त्या बाईला काही वाटत नाही.

वाटते ते बघणाऱ्यांना. देवीवर एवढी श्रद्धा तर दवाखान्याच्या खेपा कशाला, असे एकाचे म्हणणे. एवढे रिपोर्ट काढलेत तर नारळ कशाला, असे दुसऱ्याचे. दोघांपैकी एकालाही रात्री कळवळणाऱ्या पोराच्या उशाशी बसायचे नसते, म्हणून हा वाद इतका जोरात रंगतो.

शीतला ही लेकरांच्या दुखण्याची देवी. गाढवावर बसलेली, हाती केरसुणी आणि कलश, डोक्यावर सूप, असे तिचे रूप सांगतात. देवी, गोवर, कांजिण्या हे आजार तिच्या नावावर जमा. घरात देवी आल्या की काय करायचे, हे ठरलेले असे. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, पोराच्या अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरत. फोडणी द्यायची नाही, तळण काढायचे नाही. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय आत यायचे नाही आणि शक्यतो यायचेच नाही. घरात भांडायचे नाही, आवाज चढवायचा नाही. आजारी पोराशी बोलायचे तेही अदबीने, कारण देवी त्याच्याच रूपाने घरी आलेली.

यातल्या कशानेही देवीचा विषाणू मरत नव्हता. असंख्य मुले गेली, कित्येकांचे डोळे गेले, जी वाचली त्यांच्या चेहऱ्यावर वण राहिले. त्या काळाचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. तरीही ते नियम पुन्हा वाचले तर एक गोष्ट नजरेत भरते. ते एकट्या आईला लावलेले नव्हते. सासऱ्याला फोडणीची आमटी बंद, दिराला आरडाओरडा बंद, शेजारणीला डोकावणे बंद. आजारी एक मूल, पथ्य साऱ्या घराला. देवीच्या धाकाने का होईना, घर त्या पोराभोवती गोळा होई.

श्रद्धा आणि सुई यांचे वैरही सांगतात तितके सरळ नाही. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण. बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने आलेली ती लस या मुलीच्या दंडावरून पुढे देशभर गेली. देवीचा कोप होईल म्हणून लोकांनी टोचणाऱ्यांपासून पोरे लपवली, हे खरे. त्याच्या आधीपासून बंगालात टिका देणारे, म्हणजे देवीच्या फोडातलाच अंश टोचणारे लोक शीतलेची पूजा करूनच टोचत, हेही तितकेच खरे. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये आसामात करीमगंजला सापडला. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. आजार गेला, देऊळ राहिले. आता तिथे येतात ती निराळी दुखणी.

पालघर, नंदुरबार, गडचिरोली या आदिवासी जिल्ह्यांत त्यातले एक ठळक दुखणे म्हणजे सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असे काही दुखू लागते की मोठी माणसे गडाबडा लोळतात. मग लहान पोराचे काय होत असेल! गोळी रोज घ्यायची, पाणी भरपूर प्यायचे, थंडीत कुडकुडायचे नाही, दमायचे नाही, आणि ताप चढला की सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे पथ्य जन्मभराचे आहे. शीतला सप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे खातात. ज्या घरात असे मूल आहे तिथे त्या दिवशीही त्याच्या आंघोळीचे पाणी तापवावे लागते. अशा वेळी ‘तापव गं, देवीला कळतं’ असे म्हणणारी आजी घरात असली, तर सुनेच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते. ती गप्प राहिली किंवा तिने नुसते तोंड वाकडे केले, तर तेच पाणी चोरून तापवावे लागते.

आजीच्या त्या एका वाक्यावर बरेच अवलंबून असते, कारण मूल आजारी निघाले की घरात पहिला प्रश्न ‘कशामुळे’ हा येतो आणि त्याचे उत्तर आईजवळ येऊन थांबते. हिच्या माहेरी कोणाला होते? हिने डोहाळे कसले पुरवले? ग्रहणात काय चिरले? गेल्या जन्मी काय केले? सिकलसेलचे शास्त्र याला साफ उत्तर देते. मुलाला हा आजार व्हायचा तर त्याचा दोष असलेले एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून यावे लागते. दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात 25 टक्के शक्यता. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून कोणाला पत्ता नसतो. डाऊन सिंड्रोमबाबतही उत्तर असेच साफ आहे. त्यात एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. जेरोम लेजेन यांनी 1959 मध्ये ते दाखवले. ही जादा प्रत बहुतेक वेळा केवळ योगायोगाने येते. यात ना पूर्वजन्म, ना ग्रहण, ना माहेर.

श्रद्धेचा कस इथे लागतो. जी श्रद्धा आईला म्हणते की देवी पाठीशी आहे, तू ने त्याला दवाखान्यात, ती कामाची. जी म्हणते की देवी तुझ्यावर कोपली आहे, ती पोराच्या दुखण्यात आईचे दुखणे मिळवते. एकाच देवळातून, एकाच तोंडून ही दोन्ही वाक्ये निघू शकतात.

कायद्यालाही हा फरक कळला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षअखेरीस कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, कोणाला इजा न करणारी पूजाअर्चा यांना मात्र तो कायदा हात लावत नाही. पाड्यावरच्या आईने भगताकडून अंगारा आणला आणि त्याच दिवशी एसटी पकडून रुग्णालयही गाठले, तर तिचे काही चुकले नाही. अंगारा रुग्णालयाच्या वाटेत आडवा आला, की मामला बदलतो.

नवस बोलायला मावशी, आत्या, काका, शेजारी सगळे पुढे असतात. ‘बरा होऊ दे, पाच नारळ वाहीन.’ त्यात माया असते, खोटेपणा नसतो. पण नवसाने रक्ताची तारीख चुकत नाही. केळव्याहून परळच्या वाडिया रुग्णालयात जायचे तर पहाटे गावातून रिक्षाने केळवे रोड स्टेशन, तिथून गाडी, वाटेत गाडी बदलणे, उतरल्यावर चालणे आणि मग केसपेपरची रांग. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत गेली तेव्हापासून थोडे सोपे झाले, इतकेच. एका हातात मूल, दुसऱ्यात पिशवी, पाण्याची बाटली गळ्यात. पोराची शीर सापडेपर्यंत दोन-तीनदा टोचतात, तेव्हा त्याचे डोके धरून ठेवायला आईच असते. तिकडे धाकट्या मुलीची शाळा सुटलेली असते. बाप बोईसर-तारापूरच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर असतो. त्याने खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि औषधाचे पैसे त्या मजुरीतूनच यायचे असतात.

हे सगळे त्या घराच्या नशिबाचे, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही, कारण याच मातीत श्रद्धेला कामाला लावणारी माणसे होऊन गेली. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून नवसावर आणि देवापुढच्या बकऱ्या-कोंबड्यांवर कोरडे ओढले आणि हातात आलेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. 1956 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयातले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. परळला याच कामासाठी नाना पालकर स्मृती समिती आहे. कर्करोग झालेल्या मुलांना आईबापांसह ठेवून घेणारी सेंट ज्यूडची केंद्रे 2006 पासून आहेत. प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास गरीब रुग्णांना उपचारासाठी मदत देतो. दानपेटीतल्या नोटेवर नवस कशाचा होता हे लिहिलेले नसते. तिची एखाद्या पोराची औषधे होतात.

आईबापांनीही वाट पाहिली नाही. नीला सत्यनारायण या 1972च्या तुकडीच्या सनदी अधिकारी, पुढे राज्याच्या पहिल्या महिला निवडणूक आयुक्त. आपल्या विशेष मुलाच्या वाढण्यावर त्यांनी ‘एक पूर्ण-अपूर्ण’ हे पुस्तक लिहिले. असे मूल पाहुण्यांसमोर आणायचे नाही, असा रिवाज असलेल्या समाजात इतक्या मोठ्या पदावरच्या बाईने ते उघडपणे लिहिणे याला वजन होते. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेचे विशेष मुलांसाठीचे ‘घरकुल’ उभे राहिले तेही ‘आपल्यामागे याचे काय’ या पालकांच्या प्रश्नातून.

सरकारही अगदीच हात बांधून बसलेले नाही. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार यांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तोच पालघरमधून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना 2016च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत घेतले. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असा त्याचा संकल्प आहे. सीमेपलीकडच्या वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांना गुजरातेत सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम उभा केल्याबद्दल 2024 मध्ये पद्मश्री मिळाली.

पण सरकारी कागदावरही एक जुनी समजूत बसलेली आहे. राज्याने 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती महिलांना. पुरुषाला कधी, तर पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. आई धडधाकट आहे तोवर बापाने रजा घेण्याचे कारण काय, असे त्या निर्णयाने गृहीत धरले. शीतलेच्या जुन्या नियमांत निदान घरातल्या पुरुषांच्याही वाट्याला काही पथ्य होते.

गावाला पाळी लावता येत नाही असे नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची यादी होते. रात्री दोनचा पहारा कोणाचा आणि चारचा कोणाचा हे वहीत लिहिलेले असते, आणि एकाची मान पेंगू लागण्याआधी दुसरा हात पुढे करतो. अशीच यादी आजारी मूल असलेल्या घरासाठी का होऊ नये? पहाटे स्टेशनपर्यंत रिक्षाने कोण सोडणार, त्या दिवशी धाकटीला शाळेतून कोण आणणार, संध्याकाळची भाकरी कोणाकडून जाणार, रक्तदानाला या खेपेला कोण बसणार. काका-मावश्यांच्या पाच नारळांच्या बरोबरीने ही कामे वाटून घेता येतात. लग्न जुळवताना छत्तीस गुण तपासणाऱ्या वडीलधाऱ्यांना मुलामुलींच्या सिकलसेल चाचणीचा कागदही मागता येतो. नवरात्रात देवळाच्या मांडवात एका टेबलावर बोट टोचून प्राथमिक चाचणी करायची सोय झाली, तर देवीसमोर आलेले मूल तपासूनच घरी जाईल.

यादी करायला बसले की पहिल्या ओळीत नाव कोणाचे घालायचे यावरून घरोघरी बोलाचाली होईल. बाप म्हणेल, माझा खाडा होतो. आजी म्हणेल, माझे गुडघे धरलेत. काकू म्हणेल, माझ्या मुलाची परीक्षा आहे. ही सगळी कारणे खरी असतील. तरी ती मोठ्याने बोलली जावीत आणि ज्या बाईला आजवर कोणी कारण विचारलेच नाही, तिनेही ती ऐकावीत.